बाटलीत काय आहे, ते आधी लिहा

सुरुवातीलाच एक स्पष्ट सांगते. आमच्या बाथरूममध्ये त्या सकाळी जे झालं, ते कामाला येणाऱ्या मावशींच्या निष्काळजीपणामुळे झालं नाही, आणि ‘आजींचं लक्ष नसतं’ म्हणून तर मुळीच नाही. ही दोन्ही वाक्यं आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बिनदिक्कत लिहिली गेली आणि त्यांना अंगठेही मिळाले. तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण मी दवाखान्यात नातवाच्या तोंडाला नेब्युलायझरचा मास्क धरून बसले होते. आता सवडीने देते. माझा राग अजून गेलेला नाही, तो लिहिण्यात उतरेल. पण ज्यांच्या घरात रांगतं-दुडदुडतं मूल आहे आणि ज्यांनी ‘आता सगळं नैसर्गिकच वापरायचं’ असं मनावर घेतलं आहे, त्यांच्या कामाचंही यात बरंच आहे.

आमच्याकडे हा बदल सुरू झाला तो मोठ्या नातीमुळे. पावसाळा आला की तिची छाती भरते. बालरोगतज्ज्ञांनी पंपाबरोबर बंद करायच्या वस्तूंची यादीच दिली: उग्र वासाचं फिनेल, काच पुसायचा स्प्रे, रूम फ्रेशनर, डासांची कॉइल. हे काही कुणाच्या डोक्यातलं खूळ नाही. कॅनडात दोन हजारांहून जास्त बाळांचा एक अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. बाळ तीन-चार महिन्यांचं असताना ज्या घरांत सफाईची रसायनं वारंवार वापरली जात होती, तिथल्या मुलांमध्ये तिसऱ्या वर्षी दम्याचं प्रमाण जास्त दिसलं. सुगंधी आणि फवारायच्या वस्तूंचा संबंध सगळ्यात ठळक होता. त्यामुळे बदलायचं ठरवलं ते बरोबरच होतं, आजही मी तेच म्हणते.

आता अडचण होती ती टँकरच्या पाण्याची. पुण्याच्या नव्या वस्त्यांत राहणाऱ्यांना ती वेगळी सांगायला नको. नळ पांढरे पडतात, कमोडच्या आत पिवळट-पांढरा थर चढतो, टाइल्सवर ओघळ उठतात. ते नेहमीच्या टॉयलेट क्लीनरने निघायचे. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, साधारण दहा टक्के, आणि हे मला ठाऊक होतं कारण तसं त्या बाटलीवर छापलेलं असतं. ती बाटली मी नेहमी वरच्या फळीवर, कडी लावून ठेवत आले. याला पर्याय शोधत होते, तेवढ्यात आमच्याच सोसायटीतल्या दुसऱ्या विंगमधल्या एका मुलीने दिवाळीच्या प्रदर्शनात स्टॉल लावला. ‘केमिकल-फ्री’, ‘बायो-एन्झाइम’, ‘बाळांसाठी सुरक्षित’. बाटलीवर हिरव्या पानाचं चित्र, खाली ‘नेट १ लिटर’. बस, एवढंच. आपल्या समोर वाढलेली मुलगी, नोकरी सोडून काहीतरी करते आहे, म्हणून सगळ्यांनी घेतलं. मीही घेतलं.

पण मी डोळे झाकून घेतलं नाही. मी तिला विचारलं होतं की घरात बाकीच्या वस्तू असतात, याच्याबरोबर वापरल्या तर चालतील का? तिचं उत्तर माझ्या फोनमध्ये तारखेसकट आहे: ‘काकू, अगदी बिनधास्त. कशासोबतही वापरा, यात केमिकलच नाहीये.’ हा मेसेज मी मुलाला, सुनेला, डॉक्टरांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना दाखवला आहे. कुणी अजून बघायला मागितला तर दाखवीन.

त्या सकाळी मावशींनी ते हिरवं पाणी कमोडमध्ये आणि भिंतीकडेच्या टाइल्सवर ओतलं. दहा मिनिटं राहू द्यायचं, असं त्या स्टॉलवाल्या मुलीने सांगितलं होतं. मधल्या वेळात कोपऱ्यातल्या सांध्यांमधल्या काळ्या बुरशीवर त्यांनी ब्लीच टाकलं. बुरशीवर ब्लीच टाकायची आमच्याकडची पद्धत जुनी. मात्र टॉयलेट क्लीनर वापरला त्या दिवशी ब्लीच नाही, हा नियमही तितकाच जुना आणि मावशी तो कसोशीने पाळायच्या. पण हे तर ‘केमिकल-फ्री’ होतं. नियम लागू व्हायला बाटलीवर तसं काही लिहिलेलं हवं ना?

मी स्वयंपाकघरात होते. पहिल्यांदा वास आला. पोहण्याच्या तलावाच्या पाण्याला येतो तोच, पण इतका तीव्र की घशात लागला. मग मावशींचा खोकला. धाकटा नातू बाथरूमच्या दाराबाहेरच डबे आणि झाकणं घेऊन फरशीवर बसलेला होता. मी पोचेपर्यंत मावशींनी एका हाताने दार ओढून घेतलं होतं, दुसऱ्या हाताने पोराला उचललं होतं आणि पदर त्याच्या नाकावर धरून त्या बाल्कनीकडे धावत होत्या. स्वतःचं नाक उघडंच. ग्रुपवर ज्यांनी ‘मेड्सना ट्रेनिंग द्यायला हवं’ असं लिहिलं, त्यांनी हे वाक्य कृपया पुन्हा एकदा वाचावं.

ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने बेल्जियममध्ये ईप्रजवळ शत्रूवर सोडला होता तोच वायू. तो हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड, म्हणून खाली जमिनीलगत पसरतो. उभ्या माणसाच्या नाकाशी तो पोचायच्या आत फरशीवर बसलेल्या मुलाच्या नाकाशी पोचलेला असतो, आणि लहान मूल श्वासही मोठ्यांपेक्षा भराभर घेतं. नातवाचे डोळे लाल झाले, खोकला थांबेना, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर दिला आणि रात्रभर ठेवून घेतलं. क्लोरिनचा फुप्फुसांवरचा परिणाम कधी कधी काही तासांनी वाढतो, म्हणून लगेच घरी सोडत नाहीत. तो पूर्ण बरा झाला. मावशींचा खोकला मात्र त्यानंतर कितीतरी दिवस गेला नाही. त्यांना मीच हट्टाने त्याच दवाखान्यात नेऊन तपासून आणलं. ‘आम्हाला काय होतंय’ असं त्या म्हणत होत्या. सगळ्यात जास्त वायू त्यांच्याच छातीत गेला होता आणि ग्रुपवर एकानेही त्यांची विचारपूस केली नाही.

दवाखान्यातला एक क्षण मी विसरू शकत नाही. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, ‘ब्लीचबरोबर दुसरं काय होतं?’ मी बाटली पुढे केली. येताना ती पिशवीत घालायला मी विसरले नव्हते. त्यांनी ती हातात घेऊन पुढून बघितली, मागून बघितली, तळ बघितला, परत पुढून बघितली. ‘यात काय आहे, आजी?’ उत्तर बाटलीवर असायला हवं होतं. तिथे होतं पानाचं चित्र. श्वास लागलेलं मूल समोर असताना डॉक्टरला अंदाजाने चालावं लागलं, कारण कुणाला तरी दोन ओळी छापायच्या नव्हत्या.

खरा प्रकार लक्षात आला तो घरी आल्यावर. बाथरूमच्या उंबऱ्याला पांढऱ्या संगमरवराची पट्टी आहे, बहुतेक फ्लॅटांत असते. मी ती उरलेली बाटली बाहेर नेत होते, झाकण नीट बसत नव्हतं आणि दोन-चार थेंब त्या पट्टीवर पडले. पडल्या पडल्या ते फसफसले. बारीक बारीक बुडबुडे, सळसळ असा आवाज. पुसून बघितलं तर तेवढी जागा खरखरीत, पांढरी, बोटाला लागेल अशी झाली होती. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाने त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. बायो-एन्झाइम म्हणजे सालींची आंबवणी. तिच्यातही आम्ल असतं, पण ते सौम्य असतं. संत्र्या-मोसंब्यांच्या साली तीन भाग, गूळ एक भाग, पाणी दहा भाग, तीन महिने ठेवायचं, हे मीही एकदा करून बघितलं आहे. त्याचे थेंब दगडावर पडले तर दगड कालांतराने मंद पडेल, पण असं उकळून उठत नाही. माझे दीर ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांनी पीएच कागद बुडवला. अस्सल आंबवणीचा पीएच साधारण तीन-चारच्या आसपास येतो. हा कागद एकच्या खुणेइतका लालभडक झाला. हिरवा रंग, लिंबाचा वास आणि आत चक्क टॉयलेट क्लीनरच्या जातीचं तीव्र आम्ल.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ती तुमच्या उपयोगाची आहे. आत अस्सल बायो-एन्झाइम असतं तरी ब्लीचबरोबर ते चाललं नसतं. व्हिनेगर, लिंबू, लिंबाचं फूल, चिंच, आंबवणी हे सगळं आम्लच. ब्लीचबरोबर त्यातलं काहीही आलं की क्लोरिन सुटतोच, आम्ल जितकं सौम्य तितका कमी, एवढाच फरक. म्हणजे तिचा ‘कशासोबतही वापरा’ हा सल्ला दोन्ही बाजूंनी खोटा होता. वस्तू खरी असती तरी खोटा, आणि वस्तू खोटी होती म्हणून जास्तच धोक्याचा.

मी तिच्याकडे गेले तेव्हा भांडायला गेले नव्हते. एवढंच विचारलं, ‘बाई, यात काय घालतेस ते सांग, डॉक्टरांना हवंय.’ आधी म्हणाली, आमचा सीक्रेट फॉर्म्युला आहे. मग म्हणाली, मी माझ्या स्वतःच्या बाळासाठी हेच वापरते. मग, तुमच्या मावशींना वाचता येत नाही का? बाटलीवर वाचण्यासारखं काय होतं, ते मात्र तिला सांगता आलं नाही. मग, घरात ब्लीच ठेवलंच कशाला, तेच तर केमिकल. शेवटी तिची आई बाहेर आली आणि रागाच्या भरात खरं बोलून गेली: ‘ती फक्त बाटल्या भरते हो, ड्रम बाहेरून येतो.’ म्हणजे आत काय आहे हे विकणारीलाच माहीत नव्हतं. त्यावर तिने बाळासाठी सुरक्षित असल्याची हमी देऊन टाकली होती.

त्या संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला की ‘काही लोकांना एका स्त्रीची भरारी बघवत नाही.’ खाली हात जोडलेले, फुलं, शाबासक्या. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात दोन बाटल्या ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणून ठेवलेल्या होत्या. त्या मी परत नेऊन दिल्या. स्त्रीने उद्योग करावा असं मला मनापासून वाटतं. मीही तीस वर्षं नोकरी केली आहे. पण उद्योग करायचा म्हणजे बाटलीवर नाव, पत्ता, महिना, साल आणि आतलं काय ते लिहायची जबाबदारी घ्यायची. पॅकबंद वस्तूवर बनवणाऱ्याचं किंवा भरणाऱ्याचं नाव-पत्ता, तयार केल्याचा महिना-वर्ष, किंमत, वजन किंवा माप आणि तक्रारीसाठी संपर्क असायलाच हवा, हे २०११ च्या वैधमापन नियमांनी सांगितलेलं आहे. पर्यावरणपूरक, ग्रीन, नॅचरल अशा दाव्यांबद्दल ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. दावा करायचा तर पुरावा हवा, असा त्यांचा सरळ अर्थ. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. सोसायटीत अजून काही जण माझ्याशी नीट बोलत नाहीत. नाही बोलले तरी चालेल.

एवढं झाल्यावरही आम्ही जुन्या उग्र वस्तूंकडे परत गेलो नाही. ‘बघा, नैसर्गिकचा नाद नडला’ असं म्हणणारे भेटले. त्यांना माझं उत्तर आहे की नैसर्गिकने काही केलं नाही, खोट्या लेबलाने केलं. आता आमच्याकडे काय चालतं ते सांगते.

फरशी पुसायला कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचे थोडे थेंब. एवढंच. रांगणारं मूल फरशीवरचा हात तोंडात घालतं, म्हणून मागून एक फडकं साध्या पाण्याचं. रोज फरशीवर जंतुनाशक लागत नाही. मळ साबणाने निघतो आणि मळाबरोबर बरेचसे जंतूही जातात. घरात जुलाब-उलट्या झाल्या असतील तेव्हा मात्र ब्लीच खरोखर उपयोगी आहे. आधी घाण साबणाने पुसून घ्यायची, मग पाच टक्क्यांचं ब्लीच असेल तर एक भाग ब्लीचला जवळपास पन्नास भाग पाणी, खिडकी उघडी, मुलं दुसऱ्या खोलीत आणि दुसरी कुठलीही वस्तू जवळ नाही. सौम्य केलेलं ब्लीच साठवून ठेवायचं नाही, त्याचा जोर उतरतो.

टँकरच्या पाण्याच्या डागांना लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, किराणा दुकानात मिळतं. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवायचं, डागावर ओलं फडकं त्यात भिजवून पसरायचं, वीस मिनिटांनी घासायचं. कमोडमध्ये रात्री टाकून सकाळी ब्रश. वेळ जास्त लागतो, मेहनतही लागते, हे मान्य. पण संगमरवर, शहाबादी, कडप्पा आणि कोटा या दगडांवर ते, किंवा लिंबू-व्हिनेगरही, कधीच वापरू नका. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड, आम्लाने त्यांची चकाकी जाते आणि परत येत नाही. ग्रॅनाइटला तो त्रास नाही. आणि ज्या दिवशी लिंबाचं फूल, त्या दिवशी त्या बाथरूममध्ये ब्लीच नाही. आमच्या दाराच्या आतल्या बाजूला हे मोठ्या अक्षरात लिहून लावलं आहे. मावशींना वाचून दाखवलं आहे, समजावलं आहे आणि रबरी हातमोजे दिले आहेत.

सिंक, ओटा, बाळाच्या खुर्चीचा ताट ठेवायचा भाग यांना खायच्या सोड्याची पेस्ट पुरते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचं जे खूळ आहे ते सोडा. एक अल्क, एक आम्ल. एकमेकांना मारतात, उरतं खारट पाणी. फेस दिसायला छान, कामाला शून्य. वेगवेगळे वापरले तर दोन्ही उपयोगी.

बुरशीवर खरा उपाय कोरडेपणा. अंघोळीनंतर वायपर मारा, एक्झॉस्ट चालू ठेवा, दार-खिडकी उघडी ठेवा. आमची बुरशी ब्लीचने जितकी गेली नव्हती, तितकी रोजच्या वायपरने गेली.

तुंबलेल्या मोरीला कॉस्टिक सोड्याची पावडर घरात आणू नका. सफाईच्या सामानात मुलांच्या दृष्टीने मला सगळ्यात भीती वाटते ती याची. कॉस्टिक म्हणजे तीव्र अल्क, आणि ते गिळलं गेलं तर अन्ननलिकेत आम्लापेक्षाही खोलवर जाळत जातं. रबरी पंप आणि जाळी लावलेली मोरी यात भागतं, नाहीतर प्लंबर.

कपाटातल्या डांबरगोळ्याही गेल्या. नॅप्थॅलीन मुलांना वाईटच. पण ज्या मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटू शकतात, आणि आपल्या मुलात ते कमी आहे हे बहुतेक घरांना ठाऊकच नसतं. शिवाय गोळी पांढरी, गोल, पेपरमिंटसारखी दिसणारी. गोधड्या-स्वेटर कडक उन्हात वाळवून घट्ट बंद पिशवीत ठेवा.

रिठा आणि शिकेकाई आम्ही वापरतो, पण ‘झाडाचं आहे, काही होत नाही’ या भ्रमात राहू नका. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर पोर घर डोक्यावर घेतं. घरी केलेली आंबवणीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका. एक तर पहिले काही आठवडे झाकण अधूनमधून उघडलं नाही तर गॅस साठून बाटली फुटू शकते. दुसरं, मुलाला बाटली ओळखीची वाटते आणि ते तोंडाला लावतं. दारावर येणारा सुटं फिनेल आणि अॅसिड जुन्या पाण्याच्या बाटल्यांत देतो, त्याला कायमचं नाही म्हणा. अॅसिडच्या सुट्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंधनं घातली आहेत: नोंदवही, ओळखपत्र, अठरा वर्षांखालच्याला विक्री नाही. दारावरच्या पिशवीत यातलं काही नसतं.

वस्तू ठेवायच्या तर मूळ बाटलीत, वर, कडीबंद. सिंकखालचं कपाट हे मुलाच्या उंचीचं कपाट. टाकून द्यायच्या असतील तर एकाच मोरीत एकावर एक ओतू नका, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका. घरगुती घातक कचरा म्हणून वेगळं, वर ठळक लिहून द्या. कचरावेचक ताईंचे हात आपल्या घरातल्या हातांइतकेच हात आहेत.

आणि हे पाठ करून ठेवा, घरातल्या प्रत्येकाने. वायू सुटला तर आधी मूल बाहेर, मोकळ्या हवेत. फरशी धुवायला कुणीही परत आत जायचं नाही. डोळ्यात किंवा अंगावर उडालं तर वाहत्या साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवायचं, कपडे काढून टाकायचे. गिळलं तर उलटी करायला लावायची नाही, मीठ-पाणी नाही, आम्ल असेल म्हणून सोडा नाही, अल्क असेल म्हणून लिंबू नाही. जाळत खाली गेलेलं उलटीने परत जाळत वर येतं. फिनेल किंवा रॉकेल असेल तर उलटीत ते फुप्फुसात जाऊ शकतं. तोंड धुवा आणि बाटलीसकट दवाखाना गाठा. ओठ बरे दिसतात म्हणून घरी थांबू नका, आतली जखम बाहेरून दिसत नाही आणि अन्ननलिका काही आठवड्यांनी आवळत जाते. रुग्णवाहिकेला १०८. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्यांचा टोल-फ्री नंबर १८०० ११६ ११७, चोवीस तास. तो आमच्या फ्रिजवर लावलेला आहे, तुम्हीही लावा.

बाकी नेहमीचं तुम्हाला माहीतच आहे: मुलांकडे लक्ष ठेवा, हवा खेळती ठेवा, कमी वस्तू घ्या. यातलं शेवटचं खरंच महत्त्वाचं. आमच्या फळीवर आता मोजक्या वस्तू आहेत आणि प्रत्येकीत काय आहे हे मावशीही सांगू शकतात.

त्या मुलीची बाटली अजून विकली जाते. पानाचं चित्र तेच, ‘केमिकल-फ्री’च्या जागी दुसरा शब्द आला आहे, आतलं काय ते अजून लिहिलेलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते, घ्यायच्या आधी विचारा, लेखी मागा, आणि उत्तरात ‘सीक्रेट फॉर्म्युला’ आला तर तिथूनच परत फिरा. आत काय आहे हे जो लिहून देत नाही, त्याची बाटली मूल असलेल्या घरात येता कामा नये. ओळख, शेजार, ‘आपलीच मुलगी आहे’, यातलं काहीही त्या दोन ओळींच्या बदल्यात चालत नाही. त्या आमच्या डॉक्टरांना हव्या होत्या. उद्या तुमच्या डॉक्टरांना हव्या असतील.